काचेच्या पेटीतला बेडूक

कोरडवाहू मुलखात वाढलेल्या माणसाला बेडूक आधी ऐकू येतो, दिसतो नंतर. करमाळा तालुक्यात, जेऊरच्या आसपास पहिला दणकून पाऊस झाला की त्याच रात्री ओढ्याकाठी डरांव डरांव सुरू होते आणि लहान पोराच्या मनात पाऊस आणि बेडूक एकच होऊन बसतात. पुढे कॉलेजात तोच बेडूक मेणाच्या ट्रेमध्ये टाचण्यांनी ताणलेला भेटायचा. 2014 मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने विच्छेदन थांबवायला सांगितले आणि ती भेट संपली. आता तो मोबाइलच्या पडद्यावर येतो, पण वेगळ्याच रूपात. निळाजर्द, अंगावर काळे ठिपके, शेवाळाने मढवलेल्या काचेच्या पेटीत बसलेला दक्षिण अमेरिकेतला विषारी डार्ट फ्रॉग. असा जीव आपल्या घरी असावा, असे वाटण्यात गैर काही नाही. मात्र तो इथे धडधाकट राहील का, हे विचारायलाच हवे. बेडकाची तब्येत आणि त्याच्या जागेची तब्येत या वेगळ्या काढता येत नाहीत, असे माझे मत आहे, आणि त्याचा सर्वांत भक्कम पुरावा हा डार्ट फ्रॉगच देतो.

बेडूक तोंडाने पाणी पीत नाही, कातडीतून शोषतो. त्यामुळे पाण्यातले क्लोरीन, क्षार, फवारणीचा अंश, जे असेल ते थेट अंगात जाते. डार्ट फ्रॉगला साधारण 22 ते 26 अंश तापमान लागते. पारा तिशीच्या वर टिकून राहिला तर तो तगत नाही. हवा सतत दमट हवी, तरी तळाशी पाणी साचून कुजता कामा नये, म्हणून पेटीत खाली खड्यांचा थर, वर जाळी, मग माती आणि सुकी पाने असा थर रचतात. खायला पंख नसलेल्या फळमाश्या लागतात, त्याही कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांच्या भुकटीत घोळवलेल्या, नाहीतर हाडे ठिसूळ होतात. नवा बेडूक काही आठवडे वेगळा ठेवून त्याची विष्ठा तपासावी लागते. आता जेऊरचा मे महिना डोळ्यांपुढे आणा. चाळिशीपार ऊन, कोरडा वारा, बोअरचे जड पाणी आणि भर दुपारी गेलेली वीज. बंद काचेची पेटी अशा वेळी बघता बघता तापते. इथे हा जीव जगवायचा तर चोवीस तास थंड खोली, शुद्ध केलेले पाणी आणि विजेची पर्यायी सोय हवी, तीही दहा-दहा वर्षे. नीट सांभाळला तर तो तेवढा जगतो.

समजा, हे सगळे कुणी निगुतीने केले. तरी पेटीतला बेडूक जंगलातल्यासारखा राहत नाही. पेटीत जन्मलेला डार्ट फ्रॉग विषारी नसतो, कारण ते विष त्याचे स्वतःचे नव्हेच. रानातल्या मुंग्या आणि कोळीवर्गातले बारीक जीव खाऊन तो ते कातडीत साठवतो. जॉन डेली या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने 1974 मध्ये इक्वेडोरमधल्या अशाच एका बेडकापासून एक द्रव्य मिळवले. वेदना शमवण्यात ते मॉर्फीनच्या कितीतरी पट प्रभावी निघाले. पुढे त्याला एपिबॅटिडीन म्हणू लागले आणि त्याची रचना 1992 मध्ये प्रसिद्ध झाली. दरम्यान पाळून वाढवलेल्या बेडकांत ते शोधले, तर सापडलेच नाही. रंग पेटीत आला, ज्या गुणाची तो रंग सूचना देतो तो गुण मात्र जंगलातच राहिला.

यावर हौशी पाळणारे म्हणतात, पेटीत पैदास झाली तर जंगलातून पकडणे कमी होते. हे अंशतः खरे आहे. पनामाचा सोनेरी बेडूक आज प्राणिसंग्रहालयांतल्या पैदाशीमुळेच टिकून आहे, हेही नाकारता येणार नाही. पण त्याला रानातून कोणी हुसकावले, हे पाहिले पाहिजे. हुसकावले ते बेडकांच्या कातडीवर वाढणाऱ्या एका जीवघेण्या बुरशीने. 1999 मध्ये शास्त्रज्ञांनी तिचे वर्णन केले, ते वॉशिंग्टनच्या प्राणिसंग्रहालयात मेलेल्या निळ्या डार्ट फ्रॉगवरून. तिचे मूळ पूर्व आशियात आहे आणि बेडकांच्या व्यापाराबरोबर ती जगभर गेली, असे 2018 च्या जनुकीय अभ्यासातून पुढे आले. पाचशेहून अधिक जातींना तिची झळ बसली. आपल्या सह्याद्रीतल्या बेडकांवरही ती आढळली आहे. पेटीतले सांडपाणी गटारात ओतणे इतकी साधी कृतीसुद्धा म्हणूनच निरुपद्रवी नाही. भारतात असे परदेशी जीव बाळगायचे तर 2024 च्या नियमांप्रमाणे सरकारदरबारी नोंद करावी लागते. हा कागदाचा जाच नव्हे, कोणता जीव कुठून आला हे कळण्याचा तोच मार्ग आहे.

मुलांना निसर्गाची ओढ लागावी म्हणून पेटी हवी, हा आक्षेप मला सर्वांत मोलाचा वाटतो. पण ती ओढ लावायला जेऊरला इक्वेडोर गाठावे लागत नाही. वर्षातले बहुतेक महिने जमिनीखाली काढणारा, मागच्या पायाच्या फावड्यासारख्या उंचवट्याने उलटे खणत मातीत शिरणारा बेडूक इथल्याच शेतात आहे. विणीच्या दिवसांत पिवळाधमक होणारा मोठा सोनबेडूकही आहे. त्याच्या तंगड्यांची निर्यात इतकी झाली, की 1987 मध्ये सरकारला ती बंद करावी लागली. त्याचा रंग फार दिवस टिकत नाही, पण तो पाहायला तिकीट लागत नाही आणि वीजही लागत नाही.

या बेडकांसाठी करण्यासारखे काम पेटी सांभाळण्याहून कितीतरी सोपे आहे. प्लास्टिक अस्तराच्या शेततळ्यात पडलेल्या बेडकाचे पाय त्या गुळगुळीत उतारावर ठरत नाहीत. काठाला पक्के बांधून एक जुने जाळे किंवा गोणपाट पाण्यापर्यंत सोडा. बांधाकडेचा एखादा डबरा न बुजवता तसाच राहू द्या आणि त्याच्या भोवती तणनाशक मारू नका. एवढे येत्या मृगाच्या आधी करून ठेवा.