चार विजय आणि टिकणारे मास्तर

मंडळी, मला खेळातलं फारसं कळत नाही. पण माझा भाचा अमेरिकेत मिशिगन टेकला शिकायला गेला आणि तिथल्या बर्फावरच्या हॉकीचा वेडा झाला. २०१०-११ च्या हंगामात त्यांचा संघ चार सामने जिंकला, तीस हरला. भाचा फोनवर तणतणायचा, "मावशी, प्रशिक्षक बदला, वरचे साहेब बदला, निदान धड पोरं तरी आणा!"

संताप खोटा नव्हता. याच कॉलेजने १९६२, १९६५ आणि १९७५ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं होतं. पण होटन हे आडबाजूचं, बर्फात बुडणारं लहान गाव. नावाजलेली मुलं मोठ्या विद्यापीठांकडेच जाणार, जशी आमच्या तालुक्यातली दहावीनंतर पुण्याला जात. उरलेल्यांना घडवावं लागतं. तिन्ही विजेतेपदांचे प्रशिक्षक जॉन मॅकइनिस १९५६ ते १९८२ तिथेच होते. त्यांच्यानंतर २०११ पर्यंत सात जण झाले! शेवटच्यांना तर आठ वर्षं मिळाली. म्हणजे नुसतं टिकूनही भागत नाही, शिकवता यावं लागतं.

२०११ साली मेल पिअरसन आले, मॅकइनिस यांच्याच हाताखाली खेळलेले. २०१५ मध्ये संघ ३४ वर्षांनी राष्ट्रीय स्पर्धेत पोचला. २०१७ मध्ये तेही मोठ्या विद्यापीठात गेले!

असो. ज्याला आपलं वाटतं तोच चिडतो. फक्त "कोणती पोरं आणली?" याबरोबर "चांगला मास्तर का राहिला नाही?" हेही साहेबांना विचारावं. पटतंय का?