भाकरीसारखीच, पण लोणी लावलेली



चातुर्मास बसायच्या आत परतायचं ठरवून जूनमध्ये लेकाकडे कोपनहेगनला राहून आले. तिथे सूनबाईच्या ऑफिसातल्या एका वरिष्ठ बाईंनी आम्हाला दुपारच्या जेवणाला बोलावलं, स्मोरब्रोडच्या जुन्या पद्धतीच्या हॉटेलात.

स्मोर म्हणजे लोणी, ब्रोड म्हणजे ब्रेड. राय नावाच्या धान्याच्या काळसर, दाट ब्रेडचा एकच काप, त्यावर लोणी आणि वर पदार्थांचा ढीग. झाकायला दुसरा काप नाही, म्हणून सुरी-काट्यानेच खायचं. मुळात हा शेतकऱ्या-कामगारांचा दुपारचा डबा. आपल्याकडे शेतावर ज्वारीच्या भाकरीवरच पिठलं-ठेचा घेतात, भाकरी हीच ताटली, तसंच. पुढे त्याची हॉटेलं झाली. शॉनेमन नावाचं एक तर 1877 पासून आहे. आता एका तुकड्याला शंभराहून जास्त क्रोन, म्हणजे हजार-बाराशे रुपयांच्या वर. (बी.कॉम.चं डोकं, हिशोबाशिवाय घास उतरत नाही.)

खाण्याचा क्रम ठरलेला: आधी हेरिंग मासा, मग इतर मासे, मग मांस, शेवटी चीज. शाकाहारी म्हणून सुचवतात तो बटाट्याचा, म्हणजे आपल्याला तोही बाद. काही तुकड्यांना लोण्याऐवजी डुकराची चरबी लावतात. चीज जमवायला बऱ्याचदा वासराच्या पोटातलं रेनेट वापरतात. कुणी जाणार असाल तर 'फेट' म्हणजे चरबी, हा शब्द लक्षात ठेवा.

आदल्या रात्री सूनबाई म्हणाली, "मम्मीजी, तुम्ही ज्यूसच घ्या. मी ऑफिसात ॲलर्जी आहे असं सांगितलंय."

चार वर्षं ती हेच सांगत होती. राग नाही आला. परक्या देशात रोज नव्या माणसाला समजावत बसणं सोपं नसणार. नगरमध्ये तर जैन जेवण म्हटलं की पुढे बोलावंच लागत नाही. पण नियमाला आजार म्हणायचं, हे मनाला लागलं. मी एवढंच म्हटलं, मला विचारलं तर मी खरं सांगेन.

बाईंनी विचारलंच. बटाटा का नाही? माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितलं, टोमॅटो तोडला तरी झाड राहतं. बटाटा काढायला रोपच उपटावं लागतं, आणि त्या एका कंदात अनंत जीव असतात असं आम्ही मानतो. त्या सुनेकडे वळल्या. "मग तुझी ॲलर्जी?"

ती लालबुंद झाली. मी गप्प राहिले. थोड्या वेळाने तीच म्हणाली, "ॲलर्जी नाही. आमच्या घरचा नियम आहे."

बाई काही रागावल्या नाहीत. वेटरला बोलावून डॅनिशमध्ये बराच वेळ बोलल्या. ब्रेडचा मला त्याग नाही. आमच्यापुढे राय ब्रेड, लोणी, काकडी आणि टोमॅटो आला. मुळ्याच्या चकत्या आधीच काढायला सांगितल्या होत्या. वर हिरवं काहीतरी भुरभुरलेलं, त्याला ते कार्स म्हणतात. बघते तर काय, बाळंतिणीच्या लाडवात घालतो त्या हळिवाचे कोवळे कोंब! अंकुर म्हणून बाजूला काढले, पण इतक्या लांब ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं. ब्रेड आंबूस, चिवट, पोटभरीचा.

जूनमध्ये तिथे सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो, चौविहाराला घाईच नाही. डिसेंबरात मात्र पावणेचारच्या सुमारासच सूर्यास्त, आणि सूनबाई ऑफिसातून सुटते साडेचारला. तेव्हा ती काय करते, ते मी विचारलं नाही.