काळ्या दगडाची वाट

शहापूरच्या माणसाला दगडाचं अप्रूप नसतं. घराबाहेर पडलं की समोर माहुलीचे सुळके उभेच. तरी रोममध्ये कॉलोसियम आणि पँथिऑन पाहून झाल्यावर माझे पाय खिळले ते शहराबाहेर, व्हिया आप्पियावर. इसवी सनपूर्व ३१२ मध्ये बांधायला घेतलेला हा रस्ता. फरसबंदी लाव्ह्याच्या काळ्या दगडाची आणि त्यात गाड्यांच्या चाकांनी पाडलेल्या चाकोऱ्या. एका चाकोरीत हात घातला. स्पर्श थेट आपल्या कातळाचा. नाणेघाट आठवला.

दिवाळीनंतर किन्हवली, सरळगाव, टोकावडे करत वैशाखरे गाठलं. मुरबाड तालुक्यातल्या या गावाजवळून घाटाची चढण लागते. आधी जंगल, मग ‘नानाचा अंगठा’ नावाच्या सुळक्याखाली दगडी पायऱ्या. सोपारा आणि कल्याण बंदरांत उतरलेला माल सातवाहनांच्या काळात याच वाटेने जुन्नर, पैठण, तेरकडे जाई. रोमन लेखक प्लिनीची पहिल्या शतकातली तक्रार होती, की हिंदुस्थान दरवर्षी रोमचे किमान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो. तिकडून आलेली पोसायडनची ब्राँझची मूर्ती कोल्हापूरच्या ब्रह्मपुरीत सापडली आहे.

माथ्याजवळच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. भाषा प्राकृत. केलेले यज्ञ, दक्षिणा म्हणून दिलेल्या गाई, हत्ती, कार्षापण नाणी, सगळ्याचा हिशेब अंकांत कोरलाय. १,७०० आहे, २४,४०० आहे. भारतातल्या सर्वांत जुन्या अंकचिन्हांपैकी ही. मला यज्ञांपेक्षा हे आकडेच ओढून घेतात. कातळावर इतका चोख हिशेब लिहिणारे हात कुणाचे असतील?

मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता वर नावं उरली आहेत आणि खाली पावलांच्या खुणा. मधलं शरीर गेलं. एका नावाआधी ‘महारठि’ असं कोरलंय. दोन हजार वर्षांपूर्वीचा शब्द, पण कानाला जराही परका लागत नाही. त्या भिंतीपुढून लवकर हलवेना.

खिंडीतून वर आलं की दगडी रांजण. जकातीची नाणी यात टाकत, असं इथले लोक सांगतात. वैशाखऱ्याचा आमचा वाटाड्या रांजणाला टेकून बसला होता.

“माझी आजी जुन्नरच्या बाजाराला याच वाटेनं जायची, दादा. डोक्यावर पाटी घेऊन, पहाटे अंधारात निघायची.”

उतरताना तो पुढे होता. पाय कुठे ठेवायचा ते त्याला बघावं लागत नव्हतं.