निळ्या रेषेच्या अलीकडे

आम्ही दोघेही मराठीचे अध्यापक. खेळाशी आमचा संबंध वर्तमानपत्राच्या शेवटच्या पानापुरता, आणि तोही क्रिकेट असेल तर. तेव्हा बर्फावरच्या हॉकीविषयी आम्ही काही लिहावे, हे आमचे आम्हांलाच थोडे हास्यास्पद वाटते. परंतु गेली काही वर्षे हा खेळ आमच्या बोलण्यात, आणि खरे सांगायचे तर आमच्या मतभेदांतही, अधूनमधून डोकावत राहिला आहे. त्याचे कारण खेळ नसून त्याच्या नियमांविषयीचे वाद आहे. ते ऐकताना आम्हांला वारंवार वाटले, की हे आपल्याच परीक्षक-मंडळात चालले आहे.

२०२२ च्या उन्हाळी सुटीत आम्ही डेन्व्हरला भाच्याकडे गेलो होतो. त्या गावाचा संघ म्हणजे कोलोरॅडो ॲव्हलाँच. आणि भाचा तिथे शिकायला गेल्यापासून त्या संघाचा निस्सीम भक्त. ३१ मे रोजी एडमंटन ऑयलर्सविरुद्धचा उपान्त्य फेरीतला पहिला सामना होता. पहिला भाग संपता संपता केल मकार या खेळाडूने गोल केला, घरात आरडाओरड झाली, आणि लगेच सारे शांत झाले. एडमंटनच्या प्रशिक्षकाने आक्षेप घेतला होता. गोल होण्यापूर्वी ऑफसाइड झाला होता, असे त्याचे म्हणणे.

नियम तसा सोपा आहे. मैदानावर एक फूट रुंदीच्या दोन निळ्या रेषा असतात. आक्रमण करणाऱ्या संघाच्या कोणत्याही खेळाडूने रबराच्या चकतीच्या, म्हणजे पकच्या, आधी प्रतिपक्षाच्या भागात शिरायचे नाही. खेळाडू आत आहे की बाहेर, हे त्याच्या स्केटवरून ठरते. काठी कुठे आहे याला महत्त्व नाही. मकारने पक रेषेपलीकडे ढकलला तेव्हा त्याचा सहकारी व्हालेरी निचुश्किन अजून आतच होता, बाहेर पडण्याच्या बेतात. चित्रफितीत ते कोणालाही दिसत होते. तरीही गोल ग्राह्य ठरला, आणि फसलेल्या आक्षेपाबद्दल एडमंटनलाच दंड झाला. कारण असे दिले गेले, की निचुश्किन रेषेपर्यंत परत येईतो मकारने आतल्या पकला स्पर्शच केला नव्हता. पक पुढे घसरत होता आणि मकार त्याच्या मागे होता, एवढेच. निचुश्किन रेषेला टेकला, मग मकारची काठी पकला लागली. म्हणजे ऑफसाइड झाला नाही.

आमच्यात फूट पडली ती इथे. एकाचे म्हणणे, की पक मकारच्याच ताब्यात होता. दोन हात पुढे ढकलून त्याच्यामागे जाणे म्हणजे सोडून देणे नव्हे. बैलगाडीवाला कासरा सैल सोडतो म्हणून बैल त्याचे नाहीत असे कोणी म्हणत नाही. दुसरीचे म्हणणे, की नियमाने प्रश्न स्पर्शाचा विचारला असेल तर उत्तर स्पर्शाचेच द्यावे लागेल. मनात ताबा कोणाचा होता, हे कॅमेऱ्याने कसे पाहावे?

भाचा हसत म्हणाला, "मामा, मामी, तुम्ही दोघं इथल्या टीव्हीवर बसायला हवं होतं. तिथेही आत्ता हेच चाललंय."

आम्हांला आपल्याकडचा सातबारा आठवला. नाव एकाचे, वहिवाट दुसऱ्याची, आणि पिढ्यान्‌पिढ्या चालणारा दावा. 'ताबा' हा शब्द वरवर ठोस वाटतो. त्याच्यावर निकाल द्यायची वेळ आली, की मग त्याचे पदर सुटू लागतात.

घरी परतल्यावर आम्ही या नियमाचा माग काढला. आपल्या ओळखीच्या मैदानी हॉकीतून ऑफसाइड १९९८ मध्ये कायमचा काढून टाकला गेला. बर्फावरच्या हॉकीत तो टिकला, आणि त्याच्या मुळाशी एक उदारपणा आहे. नॅशनल हॉकी लीगने १९२९ च्या हंगामात सर्व भागांत पक पुढे देण्याची मुभा दिली. त्यापूर्वी खेळ फार रखडत असे, गोल कमी होत. मुभा मिळताच खेळाडू प्रतिपक्षाच्या गोलजवळ आधीच जाऊन उभे राहू लागले आणि गोलांचा पाऊस पडू लागला. मग डिसेंबर १९२९ मध्ये, हंगाम चालू असतानाच, नवा नियम आला : पकच्या आधी आत जायचे नाही. म्हणजे नियमाचा हेतू एवढाच, की कोणी दाराशी आयते ठाण मांडून बसू नये. घोट्याइतक्या अंतरावरून कोणाचा गोल हिरावून घ्यावा, हे त्या डिसेंबरात कोणाच्या मनातही नसेल.

मग इतका काटेकोरपणा आला कुठून? भाच्याने सांगितलेली गोष्ट इथे सुरू होते, आणि ती मॅट ड्यूशेन या एकाच खेळाडूभोवती फिरते.

ड्यूशेन मूळचा कॅनडातील ऑन्टारिओचा. पण लहानपणापासून कोलोरॅडोचा चाहता. २००९ मध्ये त्याच संघाने त्याला निवडले. १८ फेब्रुवारी २०१३ रोजी नॅशव्हिलविरुद्ध त्याने एक गोल केला. त्या वेळी तो रेषेच्या कितीतरी फूट आत होता; हे ओळखायला ना भिंग लागत होते, ना चित्रफीत. परंतु रेषापंचाला वाटले, की पक नॅशव्हिलच्याच खेळाडूने मागे ढकलला आहे, आणि तसे असेल तर ऑफसाइड होत नाही. शिटी वाजली नाही. गोल मोजला गेला आणि कोलोरॅडोने तो सामना ६-५ असा जिंकला. ती चित्रफीत पुढे वर्षानुवर्षे पुरावा म्हणून दाखवली गेली. २०१५-१६ च्या हंगामापासून प्रशिक्षकांना ऑफसाइडवर आक्षेप घेण्याचा अधिकार मिळाला, त्यामागे या एका गोलाचा मोठा वाटा होता.

अशा ढळढळीत चुका सुधारण्यासाठी आलेली व्यवस्था लवकरच बारीकसारीक चुका शोधण्याच्या कामी लागली. स्केट बर्फाला टेकलेला होता की केसभर वर होता, यावर गोल रद्द होऊ लागले. आत शिरल्यानंतर बऱ्याच वेळाने झालेला गोलसुद्धा आधीच्या त्या क्षणासाठी पुसला जातो, आणि घड्याळही त्या क्षणापर्यंत मागे फिरवले जाते. आक्षेपांना आळा बसावा म्हणून २०१७-१८ पासून फसलेल्या ऑफसाइड-आक्षेपाला दोन मिनिटांचा दंड आला. २०१९-२० पासून त्याच सामन्यातला दुसरा आक्षेप फसला तर चार मिनिटांचा. २०२०-२१ मध्ये नियमच थोडा सैल केला गेला : स्केट रेषेला टेकलेला नसला तरी चालेल, तो रेषेवरच्या हवेत असला तरी पुरे. माणसांच्या डोळ्यांना जे दिसत नव्हते ते कॅमेऱ्याला दिसू लागले, म्हणून रेषेला उंची द्यावी लागली.

हे वाचताना आम्हांला आमची एक विद्यार्थिनी आठवत राहिली. प्रथम वर्षाची परीक्षा महाविद्यालयाच्याच पातळीवर होती. पंधरा गुणांच्या एका प्रश्नाचे तिचे उत्तर आमच्यापैकी एकाने तपासले, पहिले दीड पान वाचले, समासात 'प्रश्नाबाहेरचे' असे लिहिले आणि दोन गुण दिले. गठ्ठा मोठा होता, मुदत जवळ आली होती. ती मुलगी त्या विषयात नापास झाली. तिने उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली, पुनर्मूल्यांकनाचे पैसे भरले आणि एके दिवशी ती झेरॉक्स घेऊन आमच्यासमोर उभी राहिली. "सर, तिसरं पान बघाल का?" एवढेच म्हणाली.

तिसऱ्या पानावर ती प्रश्नाला भिडली होती, आणि चांगली भिडली होती. आधीची दीड पाने फिरून आलेली वाट होती. त्या वाटेवाचून तिसऱ्या पानावर ती पोचली नसती. दुसऱ्या परीक्षकाने तिला नऊ गुण दिले. निकाल बदलला, पण तो बदलेपर्यंत दिवाळी उलटून गेली होती. दरम्यान वसतिगृहातली तिची जागा गेली होती. उरलेले वर्ष ती गावाहून रोज एस. टी. ने येऊन-जाऊन काढत होती.

आक्षेपाची सोय नसती तर तिला न्याय मिळालाच नसता. सोय होती म्हणून तो मिळाला, पण एका सत्राच्या उशिराने. म्हणून 'यंत्रे आणि फेरतपासण्या खेळाचा आत्मा मारतात' असे कोणी म्हणाले, की आम्हांला मान डोलावता येत नाही. तो आत्मा पुष्कळदा ज्याच्या बाजूने शिटी वाजलेली असते त्याचाच असतो. आणि 'नियम म्हणजे नियम' असे कोणी म्हणाले, तरी ते दोन गुण आमच्या हातून नियमानेच दिले गेले होते, हे विसरता येत नाही. मकारच्या गोलावर आमचे आजही एकमत नाही. पण त्या झेरॉक्सनंतर आम्ही दोघेही उत्तर शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्याशिवाय समासात काही लिहीत नाही.

ड्यूशेनच्या गोष्टीचा उत्तरार्ध वेगळा आहे, आणि तो आम्हांला अधिक लागला.

या लीगमध्ये संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात. करारात तसे संरक्षण नसेल, तर त्यासाठी खेळाडूची संमती लागत नाही. त्यामुळे अफवांचा एक स्वतंत्र बाजारच चालतो. अदलाबदलीच्या अखेरच्या दिवशी कॅनडात वाहिन्या दिवसभर तेच दाखवतात. ९ ऑगस्ट १९८८ रोजी एडमंटनने वेन ग्रेट्झकीला लॉस एंजेलिसला दिले, तेव्हा पत्रकारांसमोर तो रडला, आणि एका खासदाराने सरकारने हा व्यवहार रोखावा अशी मागणी केली होती. म्हणजे जनसामान्यांच्या लेखी खेळाडू गावाचा असतो. कागदोपत्री मात्र तो संघाच्या मालमत्तेतली एक नोंद असतो.

ड्यूशेनच्या बाबतीत अफवा वर्षभर चालल्या. २०१६-१७ चा हंगाम कोलोरॅडोला फार वाईट गेला होता, आणि तो जाणार हे सर्वांनी गृहीत धरले होते. कुठे आणि केव्हा, एवढाच प्रश्न होता. ५ नोव्हेंबर २०१७ रोजी ब्रुकलिनमध्ये सामना सुरू असताना, पहिल्याच भागात, त्याला बर्फावरून बाहेर बोलावले गेले. त्याची अदलाबदल झाली होती. तीन संघांच्या त्या व्यवहारात तो ऑटावाकडे गेला. सहकारी खेळत होते, आणि तो आता त्यांचा नव्हता. ऑटावाकडून त्याचा पहिला सामना आठवड्याच्या आत स्टॉकहोममध्ये झाला, आणि प्रतिस्पर्धी होता कोलोरॅडोच.

भाच्याने हे सांगितले तेव्हा आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून गप्प झालो. २०१९ मध्ये आमच्या महाविद्यालयात मराठीचा कार्यभार कमी झाला होता. दोन वर्षे 'अतिरिक्त' हा शब्द कानांवर येत होता : कधी शिक्षक-कक्षात, कधी कार्यालयाच्या खिडकीशी, कधी "तुमचं नाव नाही म्हणे यादीत" अशा दिलाशाच्या रूपात. दिलासा देणाऱ्यालाही यादी कोणी पाहिलेली आहे की नाही, हे माहीत नसे. त्या काळात आम्ही घरात एकही लांबचा बेत केला नाही. पडदेसुद्धा बदलले नाहीत. शेवटी एके दिवशी द्वितीय वर्षाच्या वर्गावर शिपाई सूचनेची वही घेऊन आला. आमच्यापैकी एकीने खडू ठेवला, सही केली. संस्थेच्या तालुक्याच्या महाविद्यालयात बदली होती. कविता अर्धी शिकवून झाली होती. तास संपायला वीस मिनिटे होती, ती तिने शिकवली. कशी, ते तिला आता आठवत नाही.

कोणी म्हणेल, गलेलठ्ठ मानधन घेणाऱ्या खेळाडूची आणि आमची तुलना काय? तुलना नाहीच. त्या अदलाबदलीत जे मिळाले, त्यातून पुढे कोलोरॅडोने बोवेन बायरम निवडला, आणि आम्ही पाहिलेल्या २०२२ च्या विजेत्या संघात तो होता. म्हणजे हिशेब संघाच्या बाजूने चोख उतरला. आमच्या संस्थेचाही उतरला असेल. हिशेब चुकला असे आमचे म्हणणे नाही. पण यादी करणाऱ्याला नाव दिसते, आणि अर्धी राहिलेली कविता दिसत नाही. तिच्यासाठी कुठला आक्षेप घ्यावा, कोणती चित्रफीत मागे फिरवावी, हे आम्हांला अजून कळलेले नाही.

ड्यूशेन पुढे कोलंबसला गेला, मग २०१९ मध्ये नॅशव्हिलला. ज्या संघावर त्याने तो गोल केला होता त्याच संघात. २०२३ पासून डॅलसकडे. १८ मे २०२४ ला दुपार होण्याच्या सुमारास भाच्याचा फोन आला. तिकडे मध्यरात्र होत होती. डॅलसने कोलोरॅडोला स्पर्धेबाहेर काढले होते. जादा वेळेत डॅलसचा एक गोल रद्द झाला होता, कारण ड्यूशेन गोलरक्षकाच्या आड आला असा निर्णय झाला. आणि दुसऱ्या जादा वेळेत निर्णायक गोल केला तो ड्यूशेननेच.

"आपल्याच माणसानं घालवलं, मामी," भाचा म्हणाला.

"अरे, सात वर्षं झाली त्याला जाऊन. अजून आपलाच का?"

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "तुमच्या जुन्या कॉलेजची मुलं तुम्हांला काय म्हणतात?"

फोन सुरूच होता. समोर तालुक्याच्या महाविद्यालयातला उत्तरपत्रिकांचा गठ्ठा होता. सगळ्यांत वरच्या उत्तरपत्रिकेची दोन पाने वाचून झाली होती, तिसरे उलटायचे होते.