कडी, कोयंडा आणि अडसर

एखादी वस्तू वापरातून गेली, की तिचे नाव लगेच जात नाही. ‘विकासातील अडसर’, ‘कामाला खीळ बसणे’, ‘खरी मेख इथेच आहे’, ‘पाचर मारून ठेवणे’ हे प्रयोग आपण रोज वाचतो. परंतु दार आतून पक्के करण्यासाठी भिंतीतून ओढून आडवा सरकवायचा तो जाड लाकडी अडसर आपल्यापैकी किती जणांनी हाताळला असेल? वस्तू नाहीशी झाल्यावर शब्द लाक्षणिक अर्थाच्या आश्रयाने तग धरतो. वर्गात ही गोष्ट मी अनेक वर्षे शिकवीत आले. तिची दुसरी बाजू मात्र मला वाईच्या आमच्या जुन्या घराच्या दरवाजाने दाखविली.

त्या घरात माझी काकू एकटी राहते. वय त्र्याऐंशी. काचबिंदूमुळे तिची दृष्टी बरीचशी गेली आहे; पण ओसरीपासून माजघरापर्यंत ती कोणाच्याही आधाराशिवाय वावरते, कारण ते घर तिच्या हातांना पाठ आहे. गेल्या पावसाळ्यात बाहेरच्या दरवाजाचा कोयंडा निखळला. पाण्याने भोवतालचे सागवान कुजले होते आणि गंजलेले लोखंड हातात आले. कुटुंबात लगेच दोन मते पडली. कोणी म्हणाले, दार काढून पत्र्याचे बसवा. कोणी म्हणाले, चौकटीसकट विकून टाका, जुन्या लाकडाला चांगला भाव येतो. आणि काकूला पुण्याच्या सदनिकेत आणा. रात्री दार लावता येत नसेल तर तिने एकटीने राहू नये, हे म्हणणे गैर नव्हते. एका कोयंड्यावर तिचे त्या घरातले राहणे अवलंबून होते. म्हणून मी तो शोधायला निघाले.

पुण्याच्या रविवार पेठेतील बोहरी आळीत लोखंडी सामानाची दुकाने दाटीने आहेत. तिथे कडीकोयंडा मिळतो, पण तो पातळ पट्टीवर बसविलेला आणि चार स्क्रूंनी वरच्यावर जखडायचा. जुन्या दाराचा कोयंडा वेगळा असतो. त्याचे दोन्ही पाय फळीतून आरपार जातात आणि मागच्या बाजूला त्यांची टोके दुमडून ठोकलेली असतात. त्यामुळे ओढ पृष्ठभागावर न येता फळीच्या पूर्ण जाडीवर येते. आमच्या दाराची फळी सव्वादोन इंच जाड. तेवढ्या लांब पायांचा कोयंडा कोणत्याही दुकानात नव्हता.

बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात गेले. पाडलेल्या वाड्यांच्या कड्या, साखळ्या, बिजागऱ्या, पितळी मुठी तिथे ढिगाने पडलेल्या होत्या. त्यांतला एकही नग आमच्या दाराला लागेना. हे प्रथम विचित्र वाटले, पण कारण साधे होते. पूर्वी लोहार दारासमोर बसून, त्या दाराच्या मापाने कडी घडवीत असे. ती त्या एकाच दाराची असे. मुंबईच्या चोरबाजारात पितळेचे ओतीव नमुनेही पाहिले. दिसायला देखणे, परंतु जुन्या नगावरून थेट साचा घेतला तर नवा नग किंचित लहान निघतो, कारण वितळलेले पितळ निवताना आकसते. शोभेसाठी ते चालते. कडी आणि कोयंडा यांची गाठ पडायची असेल तर एका सुताचा फरकही पुरेसा होतो. आणि सूत म्हणजे इंचाचा केवळ आठवा भाग.

अखेर वाईजवळच्या एका गावात भाता चालविणारे एक लोहार भेटले. विळे, खुरपी आणि कुऱ्हाडी हे त्यांचे नेहमीचे काम. मी मोबाइलमधील छायाचित्र पुढे केले. त्यांनी ते पाहिलेही नाही. “तुटलेला आणलाय का, बाई?” त्यांनी विचारले. तुकडा हातात फिरवून ते म्हणाले, “दार लावतं कोण?” मी सांगितले. दुसऱ्या दिवशी ते स्वतः घरी आले. “आजी, कडी जरा मोठी करू का? घालायला सोपी जाईल.” काकू म्हणाली, “नको रे बाबा. माझ्या बोटांना हीच ठाऊक आहे.” तेवढ्यावर माप ठरले.

माझ्याजवळ वही होती. कोयंड्याच्या दुमडलेल्या टोकाला काय म्हणतात, कडीच्या मानेला काय म्हणतात, असे मी विचारीत होते. बहुतेक प्रश्नांना उत्तर एकच येई: “हे.” आणि ते बोट ठेवून दाखवीत. वही जवळजवळ कोरीच राहिली. माझ्या वर्गात अडसर हा शब्द आहे, वस्तू नाही. त्यांच्या ऐरणीवर वस्तू आहे, पण तिच्या प्रत्येक अंगाला शब्द लागत नाही. नजर आणि हात यांनी काम भागते. असे ज्ञान कोशात सापडत नाही. करणारा हात थांबला, की ते मागे शब्दसुद्धा न ठेवता जाते.

तयार कोयंडा त्यांनी गरम असतानाच जवसाच्या तेलात बुडविला. त्याने लोखंडावर काळसर थर धरतो आणि गंज लवकर चढत नाही. सुताराने कुजका भाग कोरून काढला आणि तिथे जुन्याच सागाचा तुकडा बसविला. अडसर मात्र काकूला आता उचलवत नाही. त्याच्या जागी आतून, कमरेच्या उंचीवर, बोहरी आळीतला साधा टॉवर बोल्ट लावला. जुन्या वस्तूची दुरुस्ती करताना ती कोणासाठी करतो आहोत, हे आधी ठरवावे लागते. पुढे मागे तुमच्यावर अशी वेळ आली तर तुटलेला भाग टाकू नका, फळीची जाडी मोजा आणि दार वापरणाऱ्या माणसाला विचारा.

तसे पाहिले तर दाराची भाषाही अशीच जोडकामाची आहे. ‘कवाड’ संस्कृत ‘कपाट’वरून आले, ‘कुलूप’ अरबी ‘कुफ्ल’मधील वर्णांची अदलाबदल होऊन, ‘मेख’ आणि ‘पेच’ फारसीतून, ‘चावी’ पोर्तुगीजांकडून, ‘स्क्रू’ इंग्रजीतून. ज्याचे काम पडले ते मराठीने बसवून घेतले.

या पुस्तिकेच्या वाचकांपैकी अनेक जण दिवसा काम करून रात्री अभ्यास करतात. कोणी वायरमन असेल, कोणी शिवणकाम करीत असेल, कोणी शेती. तुमच्या कामातील ज्या भागांना, क्रियांना, आवाजांना नावे आहेत ती लिहून ठेवा; आणि जिथे तुम्ही नुसते ‘हे’ म्हणून बोट दाखविता, त्या जागाही नोंदवा. ती यादी आम्हां प्राध्यापकांकडे नाही.