कवड्या की मण्यार?



आपल्याकडे सापाचं नाव घ्यायचं नाही असा संकेत आहे. दिवेलागणीनंतर तर नाहीच नाही. ‘लांबडं’ म्हणायचं, ‘जनावर’ म्हणायचं, आणि चावलं तर ‘पान लागलं’ म्हणायचं. माझ्या सासूबाई अजून असंच बोलतात. त्यात भीती आहे, थोडा आदरही आहे. पण झालंय असं की तांदूळ नुसता हातात घेऊन तो कुठला ते सांगणाऱ्या आम्ही बायका, न्हाणीत निघालेलं जनावर कुठलं ते सांगू शकत नाही. मग ज्याला जे नाव आधी सुचेल ते त्याला चिकटतं. ‘मण्यार हाय!’ अशी आरोळी उठली की काठी येते. ‘काही नाही, कवड्या आहे’ म्हटलं की सगळे आपापल्या कामाला लागतात.

ही दोन नावं मुद्दाम घेतली. पावसाळ्यात आपल्या घरांत सर्वांत जास्त घोटाळा याच दोघांचा होतो. दोघंही सडपातळ, दोघांच्या अंगावर आडवे पांढरट पट्टे, आणि दोघंही रात्री फिरणारे. कवड्या बिनविषारी. तो पालींच्या मागे घरात येतो, भिंतीवर सरसर चढतो. त्याचे पट्टे मानेकडे ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यार काळीभोर, निळसर झाक असलेली, चकचकीत. तिचे पट्टे बारीक, बहुतेक वेळा जोडीजोडीने, मानेजवळ नसतात किंवा पुसट असतात आणि शेपटीकडे स्पष्ट होतात. म्हणजे बरोबर उलटं. तिच्या पाठीच्या मध्यावरच्या खवल्यांची ओळ मोठी, षटकोनी असते, पण ते बघायला वाकू नका. शिवाय मण्यारीच्या पिल्लांत पट्टे मानेपर्यंतही दिसतात. विष मात्र नागापेक्षाही जहाल.

आमच्या नात्यातल्या एक काकी दशलक्षण पर्वात दहाही दिवस खाली चटईवर झोपतात. दोन वर्षांपूर्वी संध्याकाळी त्यांच्या घरात कपाटाखाली पट्ट्यांचा साप जाताना दिसला. पुतण्याने बॅटरी मारून पाहिलं आणि ठामपणे सांगितलं, ‘कवड्याच तो, काही करत नाही.’ आपण जैन, मारायचा तर प्रश्नच नाही. झोपले सगळे. पहाटे काकींच्या पोटात कळ आली, मळमळायला लागलं. सगळ्यांना वाटलं, उपवासाचं पित्त. कोकमाचं पाणी द्यायचं ठरत होतं. सुनेच्या लक्षात आलं की सासूबाईंच्या पापण्या वर होत नाहीत आणि त्यांना थुंकी गिळता येत नाही. तिने कुणाचं न ऐकता गाडी काढायला लावली. अंगावर दाताची खूण शोधूनही सापडली नाही. मण्यारीचा दंश असाच असतो, पुष्कळदा दुखतही नाही, सूजही येत नाही. काकी चार दिवस श्वासाच्या यंत्रावर होत्या आणि वाचल्या. त्या घरात आधी नाव चुकलं सापाचं, मग नाव चुकलं दुखण्याचं.

हे वाचून कुणी काठी शोधू नका. याच्या उलट बाजूने कितीतरी जास्त जीव जातात. आमच्या गल्लीत मागच्या श्रावणात ‘मण्यार मारली’ म्हणून जे सुतळीला बांधून दाखवत होते तो कवड्या होता. धामण तर ‘नागीण’ म्हणून मरते. तिला फणा नसतो, डोळे मोठे गोल असतात, आणि शेतातले उंदीर तिच्याइतके कुणी संपवत नाही. पण ती लांब असते, वेगाने पळते, एवढा तिचा गुन्हा. वर गायीचे पाय बांधून दूध पिते असा आळही तिच्यावर. सापाला दूध पचत नाही, आणि सड चोखता येईल असे ओठही त्याला नाहीत. विहिरीतली दिवड पाण्यात राहते, बेडूक-मासे खाते, डिवचली तर चावते, पण विष नाही. मांडुळाला दोन तोंडं आहेत म्हणतात. त्याची शेपटीच आखूड आणि बोथट असते. त्या ‘दोन तोंडां’पायी गुप्तधनाच्या नादाने त्याची चोरटी विक्री चालते. नुसत्या नावाने एवढं होतं!

काही वेळा नावच फसवं असतं. ‘डुरक्या घोणस’ ऐकलं की अंगावर काटा येतो, पण तो मांडुळाचा भाऊबंद, बिनविषारी. अंगावर वेडेवाकडे डाग, शेपूट आखूड, खरबरीत. खरी घोणस वेगळी. पाठीवर साखळीसारख्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन रांगा, डोकं त्रिकोणी, आणि डिवचलं की कुकरच्या शिट्टीसारखा फुत्कार. तिला अजगराचं पिल्लू समजून उचलायला जाणारे हौशी लोक असतात. मोबाइलवर फोटो पाठवून दोन मिनिटांत तीन नावं मिळतात, त्यातल्या कुठल्या नावावर हात पुढे करायचा?

देवळातही आपण फणा दिसला की ‘पार्श्वनाथ’ म्हणून हात जोडतो. सुपार्श्वनाथांच्या मस्तकावरही फणा असतात, बहुधा पाच. खाली लांछन पाहावं. स्वस्तिक असेल तर सुपार्श्वनाथ, सर्प असेल तर पार्श्वनाथ. तिथे चुकलं तर काही बिघडत नाही, नमस्कार पोचतोच. पार्श्वकुमारांनी तापसाच्या धुनीतल्या लाकडात नागयुगल आहे हे अवधिज्ञानाने जाणलं. आपल्याकडे अवधिज्ञान नाही, बॅटरी आहे! म्हणून सरपण, गोवऱ्या, चपलांचं कपाट, यांत हात घालण्याआधी उजेड पाडून काठीने हलवायचं. आपल्याला यत्नाचार शिकवलाय तो हाच.

माझं म्हणणं असं. ओळख पक्की नसेल तर दोन्ही वाक्यं बोलायची नाहीत, ‘विषारी आहे, मारा’ हेही नाही आणि ‘काही करत नाही’ हेही नाही. मुलं, म्हातारी माणसं दुसऱ्या खोलीत, दाराच्या फटीला पोतं, एकाने लांबून नजर ठेवायची, आणि जाणत्या सर्पमित्राला किंवा वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने साप मारणं गुन्हाही आहे.

दंश झालाच तर नावाच्या मागे लागू नका. साप शोधत, पकडत वेळ घालवू नका. आपल्याकडची लस एकच असते, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारांवर चालणारी, आणि डॉक्टर लक्षणांवरून उपचार करतात. बांगड्या, अंगठ्या, जोडवी लगेच काढा, सूज आली की रुततात. घट्ट दोरी बांधू नका, चिरू नका, चोखू नका. हातपाय न हलवता १०८ची गाडी. एका मैत्रिणीने विचारलं, ही लस घोड्यांच्या रक्तापासून करतात ना? हो, घोड्यांना थोडं थोडं विष टोचून करतात. मलाही ते सुखाचं वाटत नाही. पण काकी समोर बसून जपमाळ ओढताना दिसतात तेव्हा मी त्यावर वाद घालत नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसं गेली असा अंदाज आहे, आणि त्यातली बहुतेक खेड्यातली, आपल्यासारख्याच घरांतली.

पर्व जवळ आलंय. खाली झोपायचा नियम ज्यांचा आहे त्यांनी तो मोडायची गरज नाही. चटईवर मच्छरदाणी लावा आणि तिच्या कडा चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचा. मण्यार रात्री फिरते आणि झोपलेल्या माणसाला चावते, तिला ही जाळी पुरते. आमच्या महिला मंडळाने यंदा वर्गणीतून वीस मच्छरदाण्या घेतल्यात. एकट्या राहणाऱ्या आज्यांकडे रविवारी देऊन यायच्या आहेत. दोघी-तिघी बरोबर याल तर बरं होईल, खिळे ठोकायला हात लागतील.