गरम काचेवरचा निकाल

मुंबईत दारूखान्याला जहाजं फोडत, तेव्हा त्यांच्या गोल खिडक्यांच्या जाडजूड काचा तिथल्या भंगारात मिळायच्या. १९९६ साली मी तशा आठ इंची दोन काचा घरी आणल्या. एकीचा आरसा करायचा, दुसरीवर तो घासायचा. सॅन फ्रान्सिस्कोच्या वेदान्त मठात राहणाऱ्या जॉन डॉब्सन यांनी जहाजाच्या अशाच काचेतून दुर्बिणीचा आरसा घडवला होता, हे वाचल्यापासून मला चैन नव्हतं. पुढच्या मार्च-एप्रिलमध्ये हेल-बॉप धूमकेतू दिसणार होता. चाळीतल्या मुलांना तो आपल्या दुर्बिणीतून दाखवीन, असा शब्द मी देऊन बसलो होतो.

काच टफन्ड नाही ना, हे आधी पाहून घेतलं. दोन पोलरॉइड फिल्म एकमेकींवर आडव्या धरायच्या आणि मध्ये काच ठेवायची. आत ताण असेल तर पट्टे उमटतात, आणि अशी काच एका बाजूनं घासली की वाकते, कधी फुटतेही. माझ्या काचा स्वच्छ निघाल्या. मग ८० नंबरच्या कार्बोरंडमपासून सुरुवात करून बारीक पुडीपर्यंत आलो. मुलं आळीपाळीनं हात लावायची. सोळाशे मिलिमीटर नाभीय अंतर हवं, तर आठ इंची काचेला मध्यभागी खोली लागते जेमतेम १.६ मिलिमीटर. ती नीट मिळाली.

बिघडलं ते पॉलिशला.

डांबरासारख्या पिचच्या थरावर सेरियम ऑक्साइड घेऊन काच फिरवायची आणि मधून मधून फूकोची चाचणी घ्यायची. आरशापासून ३.२ मीटरवर, त्याच्या वक्रता केंद्राशी, छिद्राआड दिवा ठेवतात आणि परत येणाऱ्या उजेडात ब्लेडची धार हळूच सरकवतात. आरशावर सावल्या पडतात. मायक्रॉनच्या दहाव्या हिश्शाचा उंचवटासुद्धा त्यात ठसठशीत दिसतो. त्या रात्री मला आरशाच्या मध्यभागी टेकडी दिसली. मी लगेच ती उतरवायला बसलो. पुन्हा पाहिलं, टेकडी होतीच. आणखी जोर लावला, लांब हात मारले. पहाटेपर्यंत हेच चाललं.

दुसऱ्या संध्याकाळी काच स्टँडवर ठेवली तर मध्यभागी खड्डा होता आणि कड उतरली होती.

टेकडी खरी नव्हतीच. पॉलिशच्या घर्षणानं आणि माझ्या तळहातांनी काच तापली होती. कडेची काच लवकर निवते, मधली तापलेलीच राहते, म्हणून तेवढा भाग फुगलेला दिसतो. साधी काच उष्णतेनं पायरेक्सच्या जवळजवळ तिप्पट प्रसरण पावते. हे सगळं मी पुस्तकात वाचलं होतं, खाली रेघही मारली होती. नंतर खात्रीसाठी निवलेल्या आरशावर मिनिटभर अंगठा टेकवून पाहिला. ब्लेड सरकवताच अंगठ्याच्या जागी गोल उंचवटा उभा राहिला आणि मावळायला बराच वेळ लागला. एका अंगठ्याची ऊब इतकी दिसते, तर रात्रभर रगडलेल्या काचेचं काय! मला धूमकेतूची तारीख दिसत होती, म्हणून काच निवेपर्यंत थांबलो नाही.

खड्डा काढायला पुन्हा बारीक कार्बोरंडमवर जावं लागलं. तेवढ्यात धूमकेतू आला. गच्चीवरून वायव्येला नुसत्या डोळ्यांनी त्याची शेपटी दिसत होती आणि मुलं हरखून गेली होती. दुर्बिणीचं कुणीच विचारलं नाही. पण त्यातला एक मुलगा, ज्यानं सगळ्यांत जास्त काच घासली होती, तो त्या उन्हाळ्यात कुटुंबासह डोंबिवलीला राहायला गेला. त्याला स्वतःच्या हातच्या आरशातून काही दाखवायचं राहून गेलं, ही रुखरुख मला आजही आहे.

आरसा पुढं पुरा झाला, त्यावर अॅल्युमिनियमचा थर चढला. चाचणी मी सकाळीच घेऊ लागलो, रात्रभर काचेला हात न लावता. त्या आरशातून शनीची कडी स्वच्छ दिसतात. आरशाची उतरलेली कड मात्र पूर्ण सुधारली नाही. तिच्यावर काळ्या कागदाचं कडं बसवलं आहे, त्यामुळे आठ इंची आरसा सात इंचांचंच काम करतो.